ओढ्याकाठची जागा कुणाची?



दिवाळी आटोपल्यावर आमच्या गटातल्या एक ताई लेकीकडे शहरात चार दिवस राहून आल्या. शहराचं नाव राहू द्या. लेक ओढ्याकाठच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहते, चार घरची धुणीभांडी करते. ताई तिथे असतानाच दोन माणसं टेप घेऊन आली आणि दाराच्या चौकटीवर लाल रंगाने आकडा टाकून गेली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "ओढ्याचं सुशोभीकरण आहे." कोपऱ्यावर फलकही लागला होता. त्यावर रंगीत चित्र होतं. दोन्ही काठांना झाडं, फरशीची वाट, बाकडी, दिवे आणि बूट घालून पळणारा एक माणूस. ताईंनी चित्र नीट निरखून पाहिलं. पूल ओळखू आला, देवळाचा कळस ओळखू आला. लेकीची गल्ली मात्र कुठेच नव्हती.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, आपल्याकडे साधा बांध घालायचा तर सगळ्या गावाला घेऊन शिवारफेरी काढली होती. तिथे तर अख्खी वस्ती राहते, मग त्यांना कुणी का नाही विचारलं?"

आजचं आमचं बोलणं या प्रश्नावर आहे. तुम्ही म्हणाल, शहरातल्या ओढ्याशी आपलं काय काम? पण आपल्यातल्या कितीजणींची पोरं, बहिणी, नणंदा शहरात अशाच एखाद्या ओढ्याकाठी, रुळाकाठी, टेकडीच्या उतारावर राहतात ते मोजून बघा. शहरात स्वस्त जागा उरते ती अशीच. पाणी येईल किंवा दरड कोसळेल, म्हणून दुसरं कुणी तिथे राहत नाही.

शहरातले शिकलेले लोक मोकळ्या जागेच्या आखणीला लँडस्केप डिझाइन म्हणतात. ऐकलं की बागा, कारंजी डोळ्यांपुढे येतात. पण खरं काम त्याच्यापेक्षा मोठं आहे. पावसाचं पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, वाट कुठून काढायची, सावली कुठे हवी, संडासाकडे जाताना उजेड पडतो का, कचरा कुठे साठतो, पोरं कुठे खेळतात, हे सगळं त्यात येतं. शिवारफेरीत आपण हेच तर केलं होतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत गेलो, पाणी कुठे पळतं ते पाहिलं. मग देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढला. आम्हाला अजून आठवतं, पुरुषमंडळींनी रस्ते आणि विहिरी काढल्या, आणि झालं म्हणून उठले. बायकांनी मग त्यात सरपणाची वाट, धुण्याचे दगड आणि अंधारात जायची जागा भरली. गाव तेच, पण नकाशा बदलला.

असंच काम एका फार मोठ्या शहरी वस्तीत झालं आहे. आम्ही तिथे गेलेल्या नाही, पण त्याबद्दल बरंच वाचलं आणि फोटो पाहिले. ते आज तुम्हाला सांगतो.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी नैरोबी. तिथे किबेरा नावाची वस्ती आहे. इंग्रजांच्या फौजेत लढलेल्या, मूळ सुदानकडच्या नुबी सैनिकांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथे राहायला जागा दिली गेली. तेव्हा इथे रान होतं, आणि त्यांच्या भाषेत रानाला किब्रा म्हणतात. जागा दिली, पण त्या वेळी मालकीचा कागद दिला नाही. पुढे कामधंद्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसं येत गेली आणि वस्ती वाढत गेली. एकेक खोली साधारण 12 फूट बाय 12 फुटांची, मातीच्या भिंती, वर पत्रा. किती लोक राहतात? बरीच वर्षं 10 लाख हा आकडा सगळीकडे सांगितला जायचा. 2009 च्या जनगणनेत तो 1,70,000 च्या आसपास निघाला. इतका फरक! या आकड्यांकडे आपण परत येऊ, कारण मोजणी कोण करतं यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

किबेराच्या खालच्या अंगाने न्गाँग नदी वाहते आणि नैरोबी धरणात जाते. धरण 1953 सालचं. आता त्यात पाण्यापेक्षा गाळ आणि जलपर्णीच जास्त. नदी धरणाला मिळते तिथे एक मोकळी जागा होती. मोकळी म्हणजे काय, तर सगळ्यांनी कचरा टाकायची. पावसाळ्यात तिथूनच पाणी घरांत शिरायचं.

2006 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी कुनकुई डिझाइन इनिशिएटिव्ह नावाची संस्था काढली. ही मंडळी किबेरात आली. सुरुवातीलाच तयार चित्र दाखवण्याऐवजी त्यांनी वस्तीतल्या लोकांबरोबर बसायला सुरुवात केली. नदीकाठी फेऱ्या काढल्या, नकाशे केले, छोटी मॉडेलं करून ती हलवून पाहिली, काय आधी हवं आणि काय नंतर यावर चर्चा केल्या. वस्तीतल्या लोकांचा एक गट उभा राहिला आणि त्याने ती जागा आपली म्हणून सांभाळायला घेतली. केनियात बचत गटाला चामा म्हणतात. बायका दर आठवड्याला किंवा महिन्याला पैसे काढतात आणि पाळीपाळीने एकीला रक्कम मिळते, म्हणजे आपली भिशीच की. त्यामुळे चारजणींनी मिळून हिशेब ठेवणं तिथल्या बायकांना कुणी शिकवायला नको होतं.

मग त्या कचऱ्याच्या जागेवर काय झालं, ते जरा सावकाश सांगतो.

कचरा उपसून झाल्यावर पहिलं काम काठाचं. काठ ढासळू नये म्हणून जाळीत दगड भरून भिंती घातल्या. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या नाल्यावर आपण जो गॅबियन बांधला तोच. पाणी जाळीतून झिरपतं, माती अडते, आणि एखादा दगड हलला तरी सगळी भिंत जात नाही. काँक्रीटची सरळ भिंत घातली असती तर पाणी जोरात पुढे गेलं असतं आणि खालच्या घरांत घुसलं असतं. पलीकडे जायला पायी जाणाऱ्यांसाठी पूल केला. पूल ही गोष्ट चित्रात लहान दिसते. पण पावसाळ्यात नदी चढली की पोरांची शाळा आणि बाईचं काम बुडतं, हे काठावर राहणारीला ठाऊक असतं.

मग मुलांना खेळायला जागा झाली. वर छप्पर असलेला एक मोठा मंडप झाला, तिथे सभा, प्रार्थना, वर्ग असं काहीही भरवता येतं. ओल्या कचऱ्याचं खत करण्याची सोय झाली. आणि धरणातली जलपर्णी काढून, वाळवून बायका तिच्या टोपल्या नि वस्तू विणायला लागल्या. (जलपर्णी आपल्याकडच्या नद्यांतही भरपूर आहे. पण हे ऐकून लगेच टोपल्या विणायला बसू नका. टोपली विणणं सोपं, विकणं अवघड, हे आपल्या गटाने पापडांवर शिकून घेतलंय.)

यातली युक्ती अशी, की जागेच्या देखभालीचा खर्च जागेतूनच निघावा. मंडप भाड्याने द्यायचा, खत विकायचं, वस्तू विकायच्या, आणि त्या पैशातून झाडलोट, दुरुस्ती करायची. कारण अशा वस्त्यांत कुणीतरी देणगी देतं, उद्‌घाटन होतं, फीत कापली जाते, आणि दोन वर्षांत नळाची तोटी चोरीला जाते नि संडासाचं दार मोडतं. पुढे कुलूप लागतं. किबेरात तसं होऊ नये म्हणून आधीच ठरवलं, की जागा चालवणारा गट, त्याचं उत्पन्न आणि बांधकाम या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उभ्या करायच्या. पुढे त्याच नदीकाठी अशा दहाएक जागा झाल्या. काही ठिकाणी संडास-न्हाणी, कपडे धुण्याची जागा आणि पोरांचं खेळणं शेजारी-शेजारी आहे. धुणं धुता धुता पोरावर नजर राहते. ही आखणी करायला कुठली पदवी लागते? पण धुणं कधी न धुतलेल्या माणसाच्या कागदावर ती येत नाही.

आता आमच्या मनात एक गोष्ट टोचते तीही सांगून टाकतो. शहरातल्या चांगल्या वसाहतीतली बाग महानगरपालिका सांभाळते. माळी तिचा, पाणी तिचं, दिव्याचं बिल तिचं. तिथल्या बायकांना कुणी म्हणत नाही, की आधी टोपल्या विकून दाखवा, मग बाग देतो. मग गरिबाच्याच जागेने कमावून का दाखवायचं? आम्हाला वाटतं, उत्पन्न असणं चांगलं, कारण त्याने जागा आपल्या हातात राहते. पण म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. कचऱ्याची गाडी, गटार, रस्त्यावरचा दिवा हे वस्तीने विकत घ्यायचं सामान नव्हे. आमच्यात यावर दोन मतं होती. एकजण म्हणाली, सरकारची वाट बघत बसलो असतो तर आपला गटही उभा राहिला नसता. तेही खरंच आहे.

किबेराच्या उदाहरणात आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती वेगळीच बाब. तिथले बहुतेक लोक भाडेकरू आहेत. खोली एकाची, राहणारा दुसरा. घरं सुधारायची म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, घर कुणाचं? त्या भांडणात वर्षं जातात. घर सुधारलं तर भाडं वाढतं आणि राहणारी बाईच बाहेर पडते. पण काठ, वाट, पूल, संडास, खेळायची जागा ही भाडेकरूचीही असते आणि मालकाचीही. ती सुधारायला मालकीचा वाद सुटेपर्यंत थांबावं लागत नाही. ताईंची लेकही भाड्यानेच राहते. म्हणून त्या दाराच्या चौकटीवरचा लाल आकडा कुणाच्या नावावर लागला, मालकाच्या की राहणारीच्या, हे तिने आधी विचारायला हवं होतं. आम्ही फोनवर तेच सांगितलं.

बरं, आता हे सगळं गोड गोड झालं असं समजू नका. पाणलोटाचं काम केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की माहीत असते: पायथ्याला कितीही बांध घाला, माथ्याचं पाणी अडवलं नाही तर बांध फुटतो. किबेरातल्या नदीकाठच्या दहा जागा म्हणजे पायथ्याचं काम. पाणी येतं वरून, शहरभरातून. वर रस्ते, इमारती, गाड्यांचे तळ झाले, जमीन पाणी प्यायची थांबली. सगळं पाणी एकदम खाली येतं आणि खाली राहणाऱ्यालाच म्हणतात, तुम्ही ओढा अडवला.

2024 च्या एप्रिल-मे महिन्यांत केनियात फार मोठे पूर आले. त्यानंतर सरकारने नदीपासून 30 मीटरच्या आत राहणाऱ्यांना हटायला सांगितलं आणि नैरोबीतल्या नदीकाठच्या अनेक वस्त्यांमध्ये घरं पाडली गेली. अगदी पाण्याच्या तोंडाशी राहणं धोक्याचं आहे, यात वाद नाही. पोरं वाहून जातात. पण रेघ कुणी मारली, कुठून मोजली, आणि रेघेच्या आतल्याने रात्री कुठे जायचं, हे प्रश्न उरतातच.

आपल्याकडेही अशा रेघा आहेत. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. पुण्यात कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पूर आला, तेव्हा माणसं गेली, संसार गेले. पुढे 2021 च्या जूनमध्ये त्याच ओढ्याकाठची घरं पाडायला यंत्रं आली. लोक कोर्टात गेले आणि पाडकामाला स्थगिती मिळाली. तेव्हा ही गोष्ट आफ्रिकेतली म्हणून सोडून देता येत नाही.

उलट, आफ्रिकेतल्या लोकांनी यातलं बरंच काही आपल्या मुंबईच्या बायकांकडून घेतलं आहे, हे कितीजणींना माहीत आहे? मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची घरं वारंवार उचलली जायची. सरकारच्या लेखी त्या नव्हत्याच. 1984 मध्ये सुरू झालेल्या स्पार्क संस्थेने 1985 मध्ये फुटपाथवरच्या सुमारे 6,000 कुटुंबांची मोजणी केली. कुठून आलात, काय काम करता, किती वर्षं राहता, हे सगळं लिहून काढलं. पुढच्या वर्षी त्याच बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. आधी बचत, मग मोजणी, मग आपलं घर कसं हवं ते आपणच करून बघायचं, असा त्यांचा क्रम. घराची खऱ्या मापाची नमुन्याची रचना करून त्यांनी ती लोकांना आणि अधिकाऱ्यांना दाखवली. जमीन थोडी म्हणून छत उंच, म्हणजे माळा काढता येईल, असं त्यांनीच सुचवलं. फुटपाथवर राहिलेल्या बाईला एकेक फुटाची किंमत कळते!

मुंबईची ही रीत पुढे दक्षिण आफ्रिकेत, केनियात गेली. नैरोबीतच मुकुरू नावाची दुसरी मोठी वस्ती आहे, साधारण 1,00,000 कुटुंबांची. तिथल्या लोकांनी मोजणी करून दाखवलं, की पाणी आणि वीज आपण पक्क्या वसाहतींपेक्षा जास्त दराने विकत घेतो. 2017 मध्ये सरकारने मुकुरू हा विशेष नियोजनाचा भाग म्हणून जाहीर केला. आराखडा करताना दहा घरांचा एक गट, अशा दहा गटांचा एक समूह, अशी बांधणी केली. इतक्या मोठ्या वस्तीची एकच सभा घेतली तर कोण बोलणार? ज्याच्या हातात माइक तोच. दहा घरांच्या बैठकीत मात्र कोपऱ्यातली बाईही बोलते, कारण तिथे तिला टाळून पुढे जाताच येत नाही.

तर आता ताईंच्या लेकीकडे परत जाऊ.

आम्ही फोनवर तिला रांगोळीचं सांगितलं. पहिल्यांदा ती हसली. पण रविवारी दुपारी नळाजवळच्या फरशीवर वस्तीतल्या दहाबारा जणींनी नकाशा काढला. ओढा निळ्या रांगोळीने, घरं पांढऱ्या. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं त्याची लाल रेघ काढली. रेघेवरून वाद झाला, मग एका आजींनी भिंतीवरचा ओलीचा डाग दाखवला आणि वाद मिटला. फलकावरच्या चित्रात जिथे बाकडी आहेत ना, तिथे दर पावसाळ्यात कमरेएवढं पाणी असतं. आणि फरशीची वाट जाते ती बरोबर बायकांच्या संडासाच्या दारापुढून. तो संडास चित्रात नाही. तो पाडणार की ठेवणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. चौदा घरं लाल रेघेच्या आत येतात, हेही त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा कबूल केलं. त्यांना हलावं लागेल. पण वस्तीच्या वरच्या अंगाला जुन्या गोडाऊनची पडीक जागा आहे, ती नकाशावर आली. ती कुणाची ते आता शोधायचं आहे.

नकाशाचा मोबाइलवर फोटो काढला. मग वहीत घरागणिक नावं लिहिली: राहणाऱ्याचं नाव, किती वर्षं, भाडं की स्वतःचं, घरात म्हातारं किंवा अपंग कोणी आहे का. वस्तीतल्या बारावी झालेल्या एका मुलीने ते सगळं लिहून काढलं.

यात एक काम तुम्हीही करू शकता, म्हणून नीट ऐका. अशा कामाचा आराखडा बघायला मागणं हा आपला हक्क आहे. माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज करता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही माफ असतो, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं. अर्जात "का" विचारू नका, कागद मागा: आराखड्याची प्रत, बाधित घरांची यादी, पूररेषेचा नकाशा. "का" विचारलं की गोलगोल उत्तर येतं. आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

लेकीने आणि आणखी चौघींनी अर्ज दिला. पहिल्या दिवशी साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला. नकाशाचा फोटो छापून अर्जाबरोबर लावला. खिडकीतला माणूस म्हणाला, "हे काय, रांगोळी?" लेक म्हणाली, "हो, आणि पाणी इथवर येतं."

या गोष्टीला आज बावीस दिवस झाले. उत्तर अजून आलेलं नाही. ताई पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहेत, त्या आल्या की काय झालं ते याच वेळेला सांगू. तुमच्या कुणाच्या माहेरची, सासरची माणसं अशा ओढ्याकाठी राहत असतील आणि तिथे फलक लागला असेल, तर आम्हाला केंद्रावर फोन करून कळवा. फलकावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द सांगा. नमस्कार.